यूनुसची हाक

वादी कबीर, मस्कत
गुरुवार, दि. १४ सप्टेंबर २००६

आदरणीय गुलबानू भाभी,

सलाम. माझी बायको शॅनन, तिचाही सलाम.

तुमचं पत्र बाणकोटहून निघून बावीस दिवसांनी आमच्या गॅरेजच्या पोस्टाच्या पेटीत आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नव्हतं, म्हणून चहा पिता पिता सहज फोडलं. यूनुस गेल्याचं पहिल्याच ओळीत वाचलं. पुढचं पत्र मी तिथे वाचू शकलो नाही, घरी येऊन वाचलं. चाळीसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला म्हणता. मला आधी कुणी कळवलं नाही म्हणून तक्रार नाही. कळवावं असा मी कोण लागून गेलो?

आम्ही इकडे ठीक. मोठा दहावीत, मधला आठवीत. मुलगी आठ वर्षांची झाली. तिघं आपापसांत इंग्रजीत भांडतात आणि मराठीत भांडा म्हटलं की गप्प होतात, एवढाच काय तो आमच्या मराठीचा उपयोग. माझी शुगर वाढलेली आहे. रमजान दहा दिवसांवर आला. यूनुस गेल्यानंतरचा तुमचा हा पहिला.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पहिली सोपी आहे, ती आधी लिहितो.

अयानला जाणून घ्यायचं आहे की त्याचे अब्बा इथे कसली शिकार करायचे. त्याला सांगा, कोल्ह्यांची. आम्ही चौघं होतो. यूनुस गॅरेजची ब्रेकडाउनची गाडी चालवायचा, मी इंजिनं उघडायचो. आमचे मॅनेजर गजेंद्र साहेब पुण्याचे, त्यांना शिकारीचं भारी वेड. दुर्बीण, जाड तळाचे बूट, आठ खिशांचं जाकीट, सगळं त्यांच्याकडे होतं, फक्त शिकार येत नव्हती. चौथा खल्फान, अल अमेरातचा ओमानी. आपली पिकअप दुरुस्तीला आणायचा. त्याच्या शेळ्या होत्या आणि डोंगरातले कोल्हे त्याची करडं उचलून न्यायचे. रायफल त्याची, परवानाही त्याचाच. आम्हा बाहेरच्यांनी बंदुकीला हात लावणं म्हणजे गुन्हा. तरी साहेब लावायचे, आणि खल्फान मैत्रीखातर दुसरीकडे बघायचा.

१९९६च्या थंडीत मी पहिल्यांदा गेलो. डोक्याला तेल, अंगाला सेंट, सुट्टीचा दिवस ना! यूनुसनं मला गाडीतून उतरवलं आणि म्हणाला, "फ्रेडी, तुझा वास तुझ्याआधी डोंगरावर पोचला." मग मला मातीत अक्षरशः लोळवलं. साहेब पोट धरून हसत होते. पुढच्या शुक्रवारी तेही मातीत लोळले, पण कुणी बघत नाही अशा जागी.

शिकवलं सगळ्यांनीच. खल्फाननं पावलं दाखवली. ठशाची कड टोकदार असेल तर ताजा, ढासळलेली असेल तर कालचा. ठशामधून मुंग्यांची रांग गेलेली दिसली की तो जुना, उठा आणि दुसरीकडे चला. पाठीमागे खडक धरून बसायचं म्हणजे आभाळावर आपला आकार उमटत नाही, हे त्याच्या आजोबांचं. यूनुसचं तर काय सांगू! हाताची मागची बाजू ओठांना लावून तो जखमी सशासारखा असा काही आवाज काढायचा की मी वळून खडकामागे ससा शोधायचो. तुमच्याकडच्या डोंगरात त्याच्या वडिलांनी त्याला हे शिकवलं होतं म्हणे. तीनदा ओरडायचा, मग चार मिनिटं गप्प. "जास्त बोलावलं की त्याला संशय येतो," म्हणायचा. कोल्हा सरळ कधी येत नाही. वळसा घालून, वास घ्यायला वाऱ्याखालून येतो. म्हणून एकानं तिकडे तोंड करून बसायचं. आणि एक नियम त्यानं आम्हा तिघांकडून वदवून घेतला होता: पूर्ण जनावर दिसल्याशिवाय चापावर बोट ठेवायचं नाही. कान दिसला, शेपूट दिसलं, पाठ दिसली, चालणार नाही. पूर्ण जनावर.

एकदा त्याच्या हाकेला लांडगा आला. उंच पायांचा, अगदी हडकुळा. साठ पावलांवर उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. खल्फाननं रायफल वर घेतली आणि परत मांडीवर ठेवली. का, ते आम्ही विचारलं नाही. तो शुक्रवार मला सगळ्यांत जास्त आठवतो.

यूनुस स्वतः बंदूक कधी धरत नसे. "माझं काम हाक मारायचं. बाकी तुम्ही बघा." त्या एका दिवसाखेरीज.

आता दुसरी गोष्ट. शेवटच्या तापात तो दोनदा म्हणाला की ओमानमध्ये मी बंदूक हातात घेतली नाही, आणि तुम्ही विचारता याचा अर्थ काय. भाभी, तापात माणूस काहीही बोलतो. माझे वडील शेवटी शेवटी मला पोस्टमन समजत होते. कोर्टाच्या कागदावर आहे ते आहे. उजेड कमी होता, म्हातारी एकदम पुढे आली, अपघात झाला. यापेक्षा जास्त मला आठवत नाही. त्या गोष्टीला आठ वर्षं झाली.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. अफशाला आणि अयानला आशीर्वाद.

आपला,
फ्रेडरिक


वादी कबीर, मस्कत
शुक्रवार, दि. २ फेब्रुवारी २००७

गुलबानू भाभी,

तुमचं दुसरं पत्र नोव्हेंबरात मिळालं. उत्तराला अडीच महिने लावले. कामात होतो असं लिहिणार नाही.

तुम्ही लिहिलंत की माझं पत्र वाचून तुमची खात्री पटली, ते तापातलंच बोलणं होतं. आणि मग ते काम सांगितलंत. माणसाचं केलेलं वाईट माणसानंच माफ करावं लागतं, वरचा करत नाही, म्हणून ज्या म्हातारीचा पाय गेला तिच्याकडे मी यूनुसच्या वतीनं जावं आणि माफी मागावी. म्हणजे त्याला तिथे आराम पडेल. 'तुम्ही त्यांचे जिगरी, तुमच्याशिवाय कुणाला सांगू?' असं शेवटी होतं. ती ओळ मी किती वेळा वाचली असेन! पाकीट मी टूलबॉक्समध्ये पान्यांच्या खाली ठेवलं होतं. रोज काम सुरू करताना ते दिसायचं.

शेवटी गेल्या महिन्यात खल्फानला शोधायला अल अमेरातला गेलो. नऊ वर्षांत त्याला भेटलो नव्हतो. त्या वेळी सरकारनं त्याची रायफल काढून घेतली, आणि तो गॅरेजला यायचा बंद झाला. आता तिकडे सगळी नवी घरं, पक्के रस्ते. त्याची दाढी पिकली आहे. यूनुस गेला म्हटल्यावर तो दारातच खाली बसला. म्हातारीकडे न्यायचं का म्हणून विचारलं तर तीन वेळा इन्शाल्ला म्हणाला, म्हणजे मला वाटलं नेणार नाही. पण पुढच्या शुक्रवारी जुम्म्यानंतर स्वतः गाडी घेऊन आला.

तिचं नाव झुवैना. वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रानं आत, डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं घर, बाजूला शेळ्यांचा गोठा. ती चटईवर बसलेली होती. प्लास्टिकचा पाय भिंतीला टेकून ठेवलेला होता आणि त्याला बूट घातलेला होता. मला त्या बुटाकडे बघवेना आणि दुसरीकडेही कुठे बघता येईना. तिच्या नातीनं खजूर ठेवले, कावा, म्हणजे त्यांची कडू कॉफी, ओतला. माझ्या हातात तो छोटा कप आला. घरी आलेल्याला आधी प्यायला द्यायचं आणि मग काम विचारायचं, ही त्यांची रीत.

खल्फाननं सांगितलं, "त्या हिंदी माणसाचा इंतकाल झाला. त्याची बायको तुझ्याकडे माफी मागते. हा त्याचा दोस्त, त्यासाठी आलाय."

ती लगेच म्हणाली, "नाही."

माझी अरबी गॅरेजातली, पण एवढी मला येते. खल्फाननं पुन्हा समजावलं, मेलेला माणूस आहे, बायका-मुलं आहेत. म्हातारी आवाज न चढवता बोलली. मी तुम्हाला जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो.

"माझं करडू दोन दिवस सापडत नव्हतं. सकाळी मी त्याचा आवाज ऐकला. पाय कपारीत अडकला की ओरडतं तसा. मी अनवाणी धावले. तो माझ्या करडाचा आवाज नव्हता, माणसाचा होता. जनावर समजून कुणी चुकून गोळी घातली असती तर मी त्याच दिवशी माफ केलं असतं. आमच्यात होतात असे अपघात. पण यानं मला माझ्या करडाच्या आवाजात बोलावलं, मी आले, आणि मग मारलं. बोलावून मारणाऱ्याला मी माफ करत नाही. प्रत्येक नमाजानंतर मी त्याला बद्दुआ देते. मरेपर्यंत देईन."

भाभी, आता तुम्हाला कळलं असेल. नसेल तर सरळ लिहितो, कारण मागच्या पत्रात सरळ लिहायची संधी होती आणि मी अयानला मुंग्यांच्या रांगा सांगत बसलो.

तिनं माफ केलं असतं तर मी कावा पिऊन निघालो असतो. घरी येऊन तुम्हाला लिहिलं असतं की काम झालं. हे मी स्वतःला पुरतं ओळखून लिहितो. पण तिनं नाही म्हटलं, आणि यूनुसवरची बद्दुआ तिथेच राहिली. ती उचलायला त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "बोलावणारा वेगळा होता. गोळी मी झाडली."

अरबीत ते फार थोड्या शब्दांत होतं. खल्फाननं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं माझी अरबी चुकली. "कोण?" त्यानं विचारलं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "अना."

खल्फाननं हातातला कप खाली ठेवला. मग म्हातारीनं विचारलं, "ज्यानं माझा पाय बांधला, तो कोण?"

"तोच. बोलावणारा."

"आपला सदरा फाडून?"

"हो."

"मला वाटलं ज्यानं मारलं तोच घाबरून बांधतोय." ती बराच वेळ आपल्या मांडीवर हात फिरवत राहिली. "त्याला मुलं आहेत?"

मी म्हटलं, दोन. तिनं विचारलं, त्यांचं कसं चाललंय. तुमच्या पत्रात होतं ते मला सांगावं लागलं. मुलीची मंगनी मोडली, कारण बाप तुरुंगात जाऊन आलेला. मुलानं बारावी सोडली आणि बोटीवर लागला. बाप सुटून आल्यावर सहा वर्षं दारासमोरच्या ओट्याच्या पुढे फारसा गेला नाही. मी बोलत होतो तसतशी ती डोक्यावरचा कपडा तोंडावर ओढत गेली. शेवटी मला तिचे डोळेही दिसेनात.

"म्हणजे माझी बद्दुआ लागली," कपड्याआडून ती म्हणाली. "नको त्या घराला लागली."

खल्फान म्हणाला, असं नसतं, अम्मा. तिनं ऐकलं नाही. तिनं दोन्ही हात वर केले. यूनुसचं नाव तिला नीट घेता येत होतं, त्यांच्यातलंच ते. तिनं त्याला माफ केलं, आणि त्यानं तिला माफ करावं म्हणून दुआ मागितली. तुमच्यासाठी मागितली. अफशा आणि अयानचं नाव मला विचारून घेतलं आणि नावानिशी मागितली. भाभी, तुम्ही सांगितलेलं काम झालं. हे पत्र पुढे वाचायचं नसेल तर इथे थांबलात तरी चालेल.

मग तिनं नातीला खूण केली. पोरीनं माझ्यासमोरचा कप उचलून नेला. अर्धा भरलेला होता.

बाहेर आल्यावर खल्फाननं गाडीचं दार उघडलं, स्वतः बसला, माझ्या बाजूचं दार आतून लावून घेतलं. काच खाली करून म्हणाला, "नऊ वर्षं मी लोकांना सांगितलं की यूनुसनं माझी रायफल न विचारता घेतली. मी त्याला चोर म्हटलं. तू चालत ये." आणि गेला. डांबरी रस्ता लागेपर्यंत मला दोन तास लागले.

आता तो दिवस. २० फेब्रुवारी १९९८, शुक्रवार. कोर्टाच्या कागदावर नाही ते.

शेळ्या व्यायचे दिवस होते. कोल्हे सशाच्या हाकेला येईनासे झाले होते, म्हणून यूनुस करडाचा आवाज काढायला लागला होता. दोन आठवडे तो त्याचा सराव गाडीत करायचा, आम्ही हसायचो. त्या सकाळी खल्फान खालच्या बाजूला पावलं बघायला गेला आणि रायफल गाडीत ठेवून गेला. साहेबांनी ती उचलली आणि माझ्या हातात दिली. "दोन वर्षं नुसता शिकतोयस. आज फ्रेडीला मारू दे." यूनुस म्हणाला, "खल्फानला येऊ द्या." साहेब म्हणाले, "तू तुझी हाक मार."

मला नको म्हणता आलं असतं. पण मला हवं होतं. हे कुणी माझ्या गळ्यात बांधलं नव्हतं.

नुकतं उजाडत होतं. यूनुसनं हाक दिली, थांबला, पुन्हा दिली. वाऱ्याखालच्या बाजूला, बाभळीच्या मागे काहीतरी मातकट हललं. फक्त एक पट्टा दिसला. यूनुस माझ्या डावीकडे होता. त्यानं हात वर केला, 'थांब' म्हणून. मला तो हात दिसला, भाभी. डोळ्याच्या कडेला स्पष्ट दिसला. आणि मी चाप ओढला. तो मातकट पट्टा तिच्या अंगावरची शाल होती.

ती ओरडली तेव्हा मी उठलोच नाही. यूनुस धावला. सदरा फाडून बांधला, पट्टा काढून मांडीला आवळला. खल्फान आवाज ऐकून वर आला तेव्हा रायफल यूनुसच्या पायाशी पडलेली होती. मी ती खडकावर टाकली होती आणि ती उतारावरून घसरत तिथे गेली होती. खल्फाननं काय समजायचं ते समजून घेतलं, आणि आम्ही समजू दिलं.

म्हातारीला घेऊन खल्फान त्याच्या पिकअपमधून पुढे गेला, आम्ही तिघं साहेबांच्या गाडीतून मागे. शॅननला तेव्हा सातवा महिना होता, दोन्ही मुलं शाळेत. यूनुसचा व्हिसा एप्रिलमध्ये संपत होता आणि तो घरीच परतणार होता. साहेबांनी गाडी चालवता चालवता हे सगळं मुद्देसूद मांडलं, जशी ते गॅरेजात कामं वाटून द्यायचे. "यूनुस, तू तसाही जाणार. अपघात आहे. फार तर दोन महिने आधी विमानात बसवतील. फ्रेडीचं मात्र सगळं घर उठेल." आपण स्वतः रायफल उचलून दिली, हे त्यांनी मांडलं नाही. मलाही ते तेव्हा मांडावंसं वाटलं नाही.

यूनुस पुढे बसला होता. अंगात नुसतं बनियन, हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले. तो मागे वळला. साहेबांकडे त्यानं बघितलंही नाही. मला म्हणाला, "फ्रेडी, तू बोल. मी घेऊ अंगावर?"

मी म्हणालो, "घे."

एवढंच. मी विचारात पडलो, मला सुचलं नाही, मी घाबरलो होतो, असं काही नाही. त्यानं विचारलं आणि मी लगेच म्हणालो, घे. एखाद्यानं बसमध्ये बाजूची जागा घेऊ का विचारावं, तसं.

पुढचं तुम्ही भोगलंत. विमानात नाही बसवलं, दोन वर्षं आत ठेवलं आणि मग बसवलं. अरबीत लिहिलेल्या कागदावर मी सही केली की गोळी झाडताना यूनुसला मी पाहिलं. साहेबांनी आदल्या दिवशी मला चार वाक्यं पाठ करून दिली होती आणि स्वतःही तीच चार बोलले. शिकार येत नसली तरी यात ते अनुभवी होते म्हणायचे. वाक्यं कमी असली की चुकत नाहीत, हे मी त्यांच्याकडून शिकलो. मागच्या पत्रात तुम्हाला लिहिलेली 'उजेड कमी होता, म्हातारी एकदम पुढे आली' ही त्यांतलीच दोन.

तुरुंगात मी त्याला एकदाच भेटायला गेलो. जाळीच्या पलीकडून त्यानं आधी शॅननची चौकशी केली. मुलगी झाली म्हटल्यावर खरंच आनंदला. मग म्हणाला, "माझ्या घरी खरं कळवू नको. गुलबानूला खोटं बोलता येत नाही. ती चार दिवसांत सगळ्या मोहल्ल्याला सांगेल, आणि तुझ्यापर्यंत येईल." हसत होता. मला तो हसलेला सहन झाला नाही. मी पुन्हा गेलो नाही. घरून सणाला शेवया आल्या, त्यांतल्या नेऊन द्याव्यात असं शॅनन म्हणाली, तरी गेलो नाही.

सुटून घरी आल्यावरच्या त्या सहा वर्षांत तुम्ही त्याला काय काय बोलला असाल मला माहीत नाही. शिकारीच्या नादानं घर बुडवलं, असं तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतंत, म्हणजे तोंडावरही म्हटलं असेल. आता हे वाचून तुमच्या जिवाला काय होईल ते मला कळतंय, आणि कळूनही लिहितोय. त्यानं तुमच्यापुढेही शब्द मोडला नाही. शब्द कुणाला दिला होता? तर मला. ज्यानं कुठलाच शब्द पाळला नाही.

झुवैनाकडून परतलो त्याच शुक्रवारी शॅननला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "नऊ वर्षं तू झोपेत 'घे' म्हणतोस. काय घे, ते मी विचारलं नाही. मला मुलं इथे वाढवायची होती." आमच्या घराचंही हे असं आहे. आतून तुम्हाला दिसावं म्हणून लिहिलं.

गजेंद्र साहेब आता आमच्याकडे नाहीत. सहम गावी त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे, मोठं. त्यांना फोन केला. म्हणाले, "फ्रेडी, प्रकरण कधीच खलास झालंय. मेलेल्याला काय फरक पडतो? आणि गाडीत असं काही बोलणं झाल्याचं मला तरी आठवत नाही." मला वाटतं ते खरंच विसरले असतील. मी त्यांना दोष देऊन स्वतःचा कमी करत नाही. चाप त्यांनी ओढला नव्हता.

मी पोलीस ठाण्यात गेलो. आधी त्यांना समजेचना की शिक्षा भोगून झालेल्या जुन्या केसमध्ये हा माणूस आता काय सांगतोय. दुसऱ्या दिवशी दुभाषा बोलावला, तेव्हा पूर्ण जबाब झाला. पासपोर्ट त्यांच्याकडे आहे. खल्फानलाही बोलावलं होतं. तो माझ्याशी बोलला नाही, पण आला आणि जे माहीत होतं ते सांगून गेला. कोर्टाची तारीख अजून मिळालेली नाही. गॅरेजनं मला घरी बसायला सांगितलंय. मुलांच्या परीक्षा मार्चमध्ये आहेत, त्यानंतर शॅनन त्यांना घेऊन वसईला जाईल. मोठा माझ्याशी बोलत नाही. मुलगी विचारते की यूनुस अंकल कोण, आणि मी तिला रोज थोडं थोडं सांगतो.

सोबत माझ्या जबाबाची शिक्का मारलेली नक्कल आहे. ती अरबीत आहे, म्हणून खाली मी माझ्या हातानं मराठीत सगळं उतरवून सही केली आहे. ही कागदपत्रं कपाटात ठेवू नका. पुढच्या जुम्म्याला नमाजानंतर लोक बाहेर जमतात तेव्हा अयाननं ती मोठ्यानं वाचावीत. जमातीच्या सगळ्यांसमोर. ज्या घरानं अफशाची मंगनी मोडली त्यांच्यापैकी कुणी हजर नसेल तर निरोप धाडून बोलवा आणि मगच वाचा. कुणाला शंका आली, की विधवेनं पैसे देऊन लिहून आणलं असेल, तर त्यानं खालच्या पत्त्यावर माझ्या भावाकडे चौकशी करावी. त्यालाही मी लिहिलं आहे.

तुमच्याकडे मी माफी मागत नाही. झुवैनानं तुमच्या नवऱ्याकडे मागितली, तिला तो हक्क होता. मला माफ करू नका असंही लिहिणार होतो, पण तेही तुमच्या वतीनं मीच ठरवणं झालं. यूनुसच्या वतीनं एकदा ठरवलं तेवढं पुरे.

झुवैनावर गोळी झाडणारा,
फ्रेडरिक इनास डाबरे
मु. नंदाखाल, ता. वसई